ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचं पावसाळी झाकण – घ्यावं का, कुठलं घ्यावं, कसं बसवावं

सायलेन्सरच्या तोंडावर बसवायचं फ्लॅपवालं झाकण घेतलंय, म्हणजे नळीला क्लॅम्पनं आवळायचं, इंजिन चालू झालं की धुराच्या जोरानं आपोआप वर उचलतं आणि बंद केलं की आपल्या वजनानं खाली पडून तोंड झाकतं, ते. गडहिंग्लजला स्पेअर पार्टच्या दुकानात मिळालं, तीनशे रुपयाच्या आत. कुठल्या मोठ्या कंपनीचं नाही, लोकल बनावटीचं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. अख्खा पाऊसकाळ वापरलं आणि आधीच सांगतो, वस्तू चांगली आहे, घ्या. पण माप न बघता घेतलं आणि कसंही बसवलं तर असून नसल्यासारखं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचं गाव आजरा तालुक्यात. इथनं पुढं आंबोली, तिथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडं तेवढा नाही, पण तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस ही दोन नक्षत्रं उघडीप म्हणून देत नाहीत आणि नेमकं तेव्हाच भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टर लागतो. दिवसभर केजव्हील (चिखलात चालायची लोखंडी जाळीची चाकं) लावून चिखलात, रात्री पुन्हा शेताच्या कडेलाच उभा, कारण पाणंदीतनं रोज घरी आणायचा म्हटलं तर अर्धा दिवस त्यातच जातो. शेड आहे, पण शेड घरी आणि ट्रॅक्टर रानात. म्हणजे वरून उघडी उभी नळी आणि तिच्यावर रात्रभर पाऊस.

लोक म्हणतात एवढ्याशा नळीतनं असं किती पाणी जाणार. हिशोब करून बघा की. नळी आतनं दोन इंच धरली तर तोंडाचं क्षेत्रफळ साधारण २० चौरस सेंटिमीटर येतं. रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला, जो आमच्याकडं जुलैत काही नवलाचा नाही, तर सरळ आत पडलेलं पाणी झालं २०० मिली. आता दुसरी बाजू बघा. तीन सिलिंडरचं २७०० सीसीच्या आसपासचं इंजिन, म्हणजे एका सिलिंडरला ९०० सीसी. डिझेलचा कॉम्प्रेशन रेशो १७-१८ असतो, म्हणजे पिस्टन पार वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जागा उरते फक्त ५५ सीसीच्या आसपास. टपरीवरच्या चहाच्या कपात मावेल एवढी. तेवढी जागा पाण्यानं भरली की पिस्टन वर येऊच शकत नाही, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. २०० मिली सगळंच्या सगळं सिलिंडरपर्यंत पोचत नाही हे खरं, थोडं काजळीत मुरतं, थोडं सायलेन्सरच्या डब्यात राहतं, थोडं जॉइंटमधून गळून जातं. पण पोचायला पाव हिस्सा पुरे.

आणि पाणी सिलिंडरमध्ये जातं कसं, तर व्हॉल्व्ह उघडा असतो म्हणून. तीन सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक अशा जागी थांबतं की एक सिलिंडर कॉम्प्रेशनला चढत असतो आणि तेव्हाच दुसऱ्या एकाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडायची झडप, उघडायला लागलेला असतो. म्हणजे इंजिन बंद केलं म्हणजे सगळी दारं बंद झाली असं नसतं, एक दार बऱ्याचदा किलकिलं राहतंच. नळीतनं पाणी मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर जिथं गोळा होतो तिथं, आलं की त्या दारानं आत.

आमच्या चुलत्यांच्या ट्रॅक्टरचं हेच झालं. त्यांनी नळीवर पत्र्याचा डबा पालथा घातलेला, सगळेच घालतात, रात्री वाऱ्यानं तो डबा कुठं गेला कळलं नाही. सकाळी सेल्फ मारला तर टक् करून थांबला. त्यांना वाटलं बॅटरी उतरली, पावसात बॅटरीचा तसा भरवसा नसतोच, म्हणून शेजारच्याचा ट्रॅक्टर पुढं लावून साखळीनं ओढला. ओढल्यावर काहीतरी आतनं कडाडलं. मेस्त्री आला, त्यानं हेड खोललं, एका सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड वाकलेला, ऑइल दुधासारखं पांढरं. खर्च दहा हजारांच्या पटीत गेला आणि त्याहून वाईट म्हणजे लागणीचे दिवस निघून गेले, घनसाळ भाताची रोपं तरव्यात पिवळी पडायला लागली आणि इकडं ट्रॅक्टर खोलून पडलेला. भाड्याचा ट्रॅक्टर त्या दिवसांत कोण देतो. मेस्त्रीनं तेव्हा सांगितलेलं लक्षात ठेवा, पावसात उघडा राहिलेला ट्रॅक्टर सेल्फला टक् करून अडला तर दुसऱ्यांदा सेल्फ मारायचा नाही आणि ओढायचा तर अजिबात नाही. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोजल काढायचे, इंजिन हातानं फिरवायचं, पाणी असेल तर नोजलच्या भोकातनं बाहेर येतं. मग ऑइल बघायचं, पांढरं झालं असेल तर बदलायचं, आणि त्यानंतर चालू करायचा. तेवढ्यावर निभावलं असतं.

तर झाकण. दुकानात दोन-तीन प्रकार होते. एक साधं पत्र्याचं, पॉलिश मारलेलं, हलकं. एक बिडाचं, जड, मागं वजनाचा गोळा असलेलं. आणि एक स्टीलचं, ते जरा महाग. मी वजनाच्या गोळ्यावालं घेतलं आणि तेच घ्या असं सांगेन. कारण साधं, नुसतं पत्र्याचं झाकण असतं ते पूर्ण जोर असल्याशिवाय नीट उघडत नाही, स्लोवर गाडी ठेवली की अर्धवट उचलतं आणि सारखं टकटक टकटक आपटत राहतं. मागं वजन असलं की तोल साधतो, थोड्या धुरालासुद्धा उघडं राहतं. पण तोल जास्त मागं गेला तर उलटं होतं, इंजिन बंद केल्यावर झाकण पूर्ण बसतच नाही, फट राहते, वाऱ्यानं उघडतं. दुकानातच बोटानं उचलून सोडून बघा. अर्ध्यावर सोडलं तरी स्वतःहून पडून कडेला चिकटून बसलं पाहिजे. मी असं करून बघितलं तर एका झाकणाची बिजागरी आवळ होती, मध्येच अडकत होती, ते परत ठेवलं. दुकानदारानं काही कुरकुर केली नाही, उलट अजून दोन काढून दिली, हे त्याचं चांगलं.

मापाचं सगळ्यात महत्त्वाचं. झाकण नळीच्या बाहेरच्या मापानं घ्यायचं, आतल्या नाही. ट्रॅक्टरचं नाव आणि एचपी सांगून घेऊ नका, कारण बऱ्याच जणांनी सायलेन्सर एकदा तरी बदललेला असतो, बाजारातला घातलेला असतो, त्याची नळी कंपनीच्या मापाची असेलच असं नाही. सुतळी नळीभोवती गुंडाळायची, जिथं मिळते तिथं खूण करायची, लांबी मोजायची आणि ३.१४ नं भागायची, बाहेरचा व्यास मिळाला. किंवा वेल्डिंगवाल्याकडं व्हर्निअर असतोच, दोन मिनिटाचं काम. क्लॅम्प थोडा मोठा असला तर पत्र्याची पट्टी घालून आवळता येतो, पण छोटा असला तर काही इलाज नाही. आणि नळीचं तोंड वाकडंतिकडं, चेपलेलं असेल, झाडाच्या फांदीला धडकून बऱ्याच ट्रॅक्टरांचं असतंच, तर आधी कानस मारून कड सरळ करून घ्या, नाहीतर झाकण कितीही चांगलं घेतलं तरी एका बाजूनं फट राहणारच. आमच्या नळीची कड गंजून खाल्ली होती, आक्सा ब्लेडनं बोटभर कापून काढली, मग बसवलं.

बसवताना बिजागरी कुठल्या बाजूला ठेवायची याचा विचार कोण करत नाही. झाकण उघडलं की ते बिजागरीच्या बाजूला उभं राहतं आणि धूर त्याच्या समोरच्या बाजूला फेकला जातो. म्हणजे बिजागरी पुढं बॉनेटकडं ठेवली तर उघडलेलं झाकण पुढं, आणि सगळा धूर मागं ड्रायव्हरच्या तोंडावर, दिवसभर रोटर मारायचा असला तर डोळे चुरचुरतात. बिजागरी मागं ठेवली तर धूर पुढं जातो, ड्रायव्हरला बरं, पण एअर क्लिनरची वाटी पुढंच असते बऱ्याच मॉडेलला, तिच्यावर धूर जायला नको, काजळी ओढली जाते. आणि तिसरी गोष्ट वारा. रात्री ट्रॅक्टर उभा असताना पावसाचा वारा जिकडनं येतो तिकडं बिजागरी पाहिजे, मग वारा झाकण दाबून धरतो, उलट बाजूनं आला तर झाकणाच्या ओठाखाली घुसून उचलतो. आमच्याकडं पावसात वारा पश्चिमेचा. मी बिजागरी आडवी ठेवली, एअर क्लिनरच्या बाजूला, म्हणजे धूर क्लिनरच्या विरुद्ध बाजूला बाहेर पडतो, आणि रानात उभा करताना ट्रॅक्टरची ती बाजू पश्चिमेकडं करून उभा करतो. सुरुवातीला पोरं विचारायची रोज असा वळवून का लावता, आता तीच वळवून लावतात.

आता पाऊसकाळात काय फरक पडला ते. सकाळी सेल्फ मारल्यावर पहिल्या क्षणी नळीतनं जे काळं पाणी उडायचं, बॉनेटवर शिंतोडे पडायचे, ते बंद झालं. पूर्वी जोराच्या पावसानंतर पहिली पाच-दहा मिनिटं इंजिन एका सिलिंडरवर मिस मारल्यासारखं करायचं आणि पांढरा धूर सोडायचा, तेही नाही. डबा घालायचा, काढायचा, शोधायचा ही कटकट संपली. डबा विसरून सेल्फ मारला तर तो उडून कुणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही. काहीजण नळीत कापडाचा बोळा कोंबतात, ते तर नकोच. काढायचा राहिला तर इंजिन गुदमरतं, आणि ओला बोळा रात्रभर नळीत राहिला म्हणजे आत गंजाला आमंत्रणच. प्लास्टिकची बाटली कापून पालथी घालणारे पण आहेत, नळी गरम असताना घातली की वितळून चिकटते आणि नंतर तिचा वास महिनाभर येतो. नारळाची करवंटी मात्र मी वाईट म्हणणार नाही, कोकणात बघितलीय, वितळत नाही, फुकट आहे, पण वाऱ्याला टिकत नाही.

अजून एक फायदा उन्हाळ्यात होतो. एप्रिलमध्ये आमचा ट्रॅक्टर बरेच दिवस उभा असतो, त्या दिवसांत कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते, साळुंक्या काड्या टाकतात. झाकण असलं की तो प्रश्न नाही.

आता तक्रारी. आवाज आहे. वजनाचा गोळा असून सुद्धा स्लोवर थोडी टकटक राहतेच, गावात रात्री ट्रॅक्टर आला की सगळ्यांना कळतं. रेस वाढवली की थांबते. दुसरी तक्रार बिजागरीच्या पिनची. पिन मऊ लोखंडाची आहे, सतत हादऱ्यानं झिजली आणि झाकण एका बाजूला कलायला लागलं. वेल्डिंगवाल्याकडनं हाय टेन्साइल बोल्टचा तुकडा कापून पिन म्हणून घातला, तेव्हापासून ठीक आहे. बनवणाऱ्यानं पिन तेवढी बरी घातली असती तर पन्नास रुपये जास्त द्यायला कुणाची ना नव्हती. तिसरी, वरचं चकाकी पॉलिश पहिल्या आठवड्यातच जळून गेलं, काळं पडलं, मग तांबूस गंज आला. तो वरवरचा आहे, कामात फरक पडत नाही, पण स्टीलचं घेणाऱ्याला हे होणार नाही.

बिजागरीला ऑइल किंवा ग्रीस लावू नका. लावावंसं वाटतं, पण नळीच्या तोंडाला एवढी उष्णता असते की ऑइल जळून त्याची काजळीत मिसळून खळ होते आणि झाकण चिकटून बसतं. ग्रॅफाइट पावडर मिळते ती चोळा, नाहीतर नुसतं वायर ब्रशनं घासून काजळी काढत राहा. झाकण उघड्या अवस्थेत चिकटलं तर पाऊस आत, आणि बंद अवस्थेत चिकटलं तर इंजिन दम खातं. हप्त्यातनं एकदा हात लावून हलवून बघायचं, बास. नळी गार असताना.

आता जे दुकानदार सांगणार नाही ते. झाकण फक्त वरचं पाणी अडवतं. नळीतला सगळा ओलावा वरनं येत नाही, बराचसा इंजिन स्वतःच तयार करतं. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात धुराबरोबर बाहेर पडतं. इंजिन तापलेलं असेल तर ती वाफ सरळ निघून जाते. पण थंडीच्या दिवसांत सकाळी ट्रॅक्टर चालू केला, शेडमधनं काढून दुसरीकडं लावला, पाच मिनिटात बंद केला, असं रोज केलं तर सायलेन्सर तापतच नाही, वाफ आतल्या आत पाणी होऊन डब्याच्या तळाला साठते. डिझेलात गंधक असतं त्यामुळं ते पाणी आंबट होतं आणि पत्रा खातं. २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर आलंय, म्हणून पूर्वीइतकं खात नाही, पण पाणी ते पाणीच. सायलेन्सर वरनं नवा दिसतो आणि खालनं बोट घातलं तर आरपार, हे त्यामुळं होतं. यावर झाकण काही करू शकत नाही. यावर उपाय म्हणजे चालू केला की जरा काम करू द्यायचं, पूर्ण तापू द्यायचा, आणि सायलेन्सरच्या खालच्या भागाला किंवा एल्बोला बारीक भोक असतं ते उघडं ठेवायचं. बऱ्याच सायलेन्सरला ते असतं आणि बऱ्याच जणांनी धूर येतो म्हणून तिथं वेल्डिंगचा टिपका मारून बंद केलेलं असतं. तसं करू नका. ते पाणी निथळायलाच आहे. बारीक तार घालून काजळी काढत राहा. झाकण बसवलं आणि भोक बंद, असं असेल तर आतला ओलावा वरनं पण जायला वाट नाही आणि खालनं पण नाही.

ट्रॅक्टर दोन-तीन महिने उभाच ठेवायचा असेल, काहींचा दिवाळीनंतर ऊसतोडीच्या ट्रॉलीला जातो पण काहींचा उभाच असतो, तर नुसत्या फ्लॅपवर विसंबू नका. फ्लॅपला थोडी फट असतेच, दमट हवा आत जाते. इंजिन चांगलं तापवून, बंद करून, पूर्ण गार झाल्यावर झाकणावरनं जाड प्लास्टिक घालून सुतळीनं बांधा. गरम असताना बांधलं तर आतली वाफ आतच राहते. आणि बांधलंय याची चिठ्ठी स्टेअरिंगला अडकवा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणी येऊन सेल्फ मारायला नको.

टर्बोवाला ट्रॅक्टर असेल तर अजून जपा, कारण नळीतनं आलेलं पाणी आधी टर्बोत जातं. असा ट्रॅक्टर ट्रकवर चढवून लांब न्यायचा असेल तर नळीचं तोंड पक्कं बांधून न्या, पाऊस असो वा नसो. रस्त्यानं वारा नळीत घुसून टर्बो फिरवत राहतो, इंजिन बंद असल्यानं त्याला ऑइल मिळत नाही आणि बेरिंग खराब होतं. फ्लॅपवालं झाकण त्याला पुरत नाही, वाऱ्यानं उघडतं. आणि ५० एचपीच्या वरचे जे २०२३ च्या जानेवारीपासून ट्रेम-४ या धुराच्या प्रदूषणाच्या नियमाचे आले त्यांच्या एक्झॉस्टमध्ये सेन्सर वगैरे भानगड असते, त्यांच्या नळीला काही कापाकापी करायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, वॉरंटीचा प्रश्न येतो.

द्राक्षाच्या, संत्र्याच्या बागेतले छोटे ट्रॅक्टर, ज्यांचा सायलेन्सर आडवा खालनं काढलेला असतो, त्यांना हे झाकण लागत नाही. फक्त खड्ड्यात पाणी साठलेल्या जागी नळीचं तोंड बुडेल असं उभं करू नका. काहीजण उभ्या नळीला वरनं वाकडा तुकडा वेल्ड करून घेतात, धूर आडवा जावा म्हणून. ते पण चांगलंय, आवाज नाही, पिन झिजायची भानगड नाही. फक्त तोंड पावसाच्या वाऱ्याच्या उलट बाजूला करायला हवं, आणि आमच्याकडच्या तिरक्या पावसात ते दरवेळी जमत नाही, म्हणून मी फ्लॅपच घेतलं. ज्यांच्याकडं पाऊस सरळ पडतो, मराठवाड्यात, नगरकडं, त्यांना वाकडी नळी पुरेल.

मिरगाच्या आधी घ्या. जूनच्या शेवटी गेलो तेव्हा दुकानात आमच्या मापाची शेवटची तीनच राहिली होती आणि मागणारे माझ्यासमोरच चौघं उभे होते. घेताना एक जादा क्लॅम्प आणि त्याचे नट-बोल्ट घेऊन ठेवा, हादऱ्यानं नट ढिला होऊन पडतो आणि चिखलात पडलेला नट काय सापडत नाही. मी डबल नट मारलाय.